अग्निसूचक यंत्रणेतील राखीव बॅटरीची क्षमता : गणित आणि व्यवहार

प्रस्तावना

महाविद्यालये, वसतिगृहे, ग्रंथालये आणि प्रयोगशाळा यांच्या इमारतींत अग्निसूचक यंत्रणा बसविणे आता अपवाद राहिलेले नाही. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा चौथा भाग आणि महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ यांमुळे त्याकडे प्रशासकीय लक्षही गेले आहे. छतावरचे धूर-डिटेक्टर, जिन्याजवळची काच फोडून दाबावयाची लाल पेटी, भोंगे आणि तळमजल्यावरील नियंत्रण पॅनेल हे भाग सर्वांना दिसतात. पॅनेलच्या पेटीत तळाशी ठेवलेल्या दोन काळ्या बॅटऱ्या मात्र कोणाला दिसत नाहीत. खरेदीच्या कागदपत्रांतही त्यांचा उल्लेख बहुधा एका ओळीचा असतो : '१२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास, २ नग'.

हा ७ चा आकडा कोठून आला, असा प्रश्न क्वचितच विचारला जातो. बाजारात तो आकार सहज मिळतो, पेटीत बसतो आणि स्वस्त असतो, हे त्याचे खरे उत्तर अनेकदा असते. प्रस्तुत लेखात बॅटरीची आवश्यक क्षमता कशी काढावी, तीत कोणकोणते गुणक का येतात आणि आपल्याकडील वापराच्या सवयींमुळे हे गणित कोठे बिघडते, याचे विवेचन केले आहे. त्यासाठी अभियांत्रिकीचे विशेष ज्ञान लागत नाही. गुणाकार आणि बेरीज पुरेशी आहे.

राखीव वीज कशासाठी?

बॅटरी भारनियमनासाठी असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. वीज जाण्याचे दोन अगदी भिन्न प्रकार येथे लक्षात घ्यावे लागतात.

पहिला प्रकार दीर्घ खंडाचा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई व परिसराचा वीजपुरवठा सकाळी एकाएकी बंद पडला आणि तो पूर्ववत होण्यास काही तास लागले. त्याच वर्षी ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा कोकणातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. अशा काळात यंत्रणा केवळ जागी राहिली पाहिजे. भोंगा वाजण्याची वेळ कदाचित येणारही नाही. पण मेणबत्त्या, कंदील आणि तात्पुरत्या जोडण्या यांमुळे आगीचा धोका याच काळात वाढतो.

दुसरा प्रकार आगीनेच घडवून आणलेला. विजेच्या वाहिनीतील बिघाडातून आग लागली तर त्या मंडलाचा किंवा संपूर्ण इमारतीचा सर्किट ब्रेकर पडतो. आग अन्य कारणाने लागली तरी अग्निशमन दल पाण्याचा मारा करण्यापूर्वी वीज तोडते. म्हणजे यंत्रणेची गरज ज्या क्षणी सर्वाधिक असते त्याच क्षणी मुख्य पुरवठा नसण्याचा संभव सर्वाधिक असतो. शहरात भारनियमन नाही म्हणून बॅटरीचे महत्त्व कमी, हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही.

यावरून बॅटरीकडून दोन कामांची अपेक्षा ठरते : दीर्घ काळ अल्प प्रवाह देत राहणे आणि त्या काळाच्या अखेरीस, म्हणजे ती थकलेली असताना, थोडा वेळ मोठा प्रवाह देणे. ब्रिटिश मानक बीएस ५८३९ च्या पहिल्या भागात सामान्य इमारतींसाठी हे प्रमाण २४ तास जागृत अवस्था आणि त्यानंतर अर्धा तास इशारा असे धरलेले आहे. अमेरिकेच्या एनएफपीए ७२ या संहितेत २४ तास आणि त्यानंतर ५ मिनिटे असा दंडक आहे. ध्वनिक्षेपकावरून सूचना देणाऱ्या यंत्रणेसाठी तो १५ मिनिटे होतो. आपल्याकडे या विषयाची आचारसंहिता भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस २१८९ मध्ये आहे आणि प्रत्यक्ष प्रकल्पात तिच्यातील व स्थानिक अग्निशमन अधिकाऱ्यांच्या अटीच प्रमाण मानावयाच्या असतात. तथापि, गणिताची रीत समजून घेण्यास ब्रिटिश मानकातील सूत्र अधिक सोयीचे आहे, कारण त्यात प्रत्येक गुणक वेगळा दिसतो. पुढील विवेचन त्याच सूत्रावर आधारलेले आहे.

बॅटरीवरील आकड्याचा अर्थ

अँपिअर-तास हे एकक पाण्याच्या हौदाच्या उपमेने समजावून दिले जाते. हौदात ७ एकक पाणी आहे. दर तासाला १ एकक तोटी सोडली तर ते ७ तास पुरेल. उपमा सोपी आहे, पण शिसे-आम्ल बॅटरीच्या बाबतीत ती अर्ध्या वाटेवर सोडून जाते. हौदाची तोटी मोठी केली तरी पाणी तेवढेच मिळते. बॅटरीचे तसे नाही. प्रवाह जितका मोठा, तितका तिच्यातून मिळणारा एकूण साठा कमी. विल्हेल्म पॉयकर्ट या जर्मन संशोधकाने १८९७ मध्ये हा संबंध गणिती रूपात मांडला आणि तो आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. पत्र्यांच्या छिद्रांतील आम्ल वेगाने खर्ची पडते, बाहेरचे आम्ल तितक्या लवकर आत झिरपत नाही, आणि साठा शिल्लक असतानाच विद्युतदाब कोसळतो.

म्हणूनच '७ अँपिअर-तास' हा आकडा सशर्त असतो. लहान बंदिस्त बॅटऱ्यांच्या बाबतीत तो २० तासांच्या दराने दिलेला असतो. म्हणजे ०.३५ अँपिअर प्रवाह २० तास घेतला तर ७ अँपिअर-तास मिळतील. तीच बॅटरी एका तासात रिकामी करू गेल्यास साधारणतः साडेचार अँपिअर-तासांच्या आसपासच हाती लागते. आणखी दोन अटी त्यात अध्याहृत आहेत : बॅटरी नवी असावी आणि तापमान २५ अंश सेल्सिअसच्या जवळपास असावे. प्रत्यक्ष आगीच्या वेळी बॅटरी तीन-चार वर्षांची असेल, जिन्याखालच्या कोंदट खोलीत असेल आणि तिच्याकडे एकदम मोठा प्रवाह मागितला जाईल. क्षमता काढण्याचे सारे गणित म्हणजे या दोन परिस्थितींमधील अंतर भरून काढणे होय.

येथेच एका प्रचलित गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. पॅनेल बहुधा २४ व्होल्टवर चालते, म्हणून १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक, म्हणजे एकसर पद्धतीने जोडतात. अशा जोडणीत विद्युतदाब दुप्पट होतो. क्षमता तेवढीच राहते. ७ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट, ७ अँपिअर-तास होतात, १४ नव्हे. तांत्रिक तपासणीच्या अहवालांतही ही चूक आढळते, ही नवलाची बाब आहे. त्याच कारणाने जोडीतील एक बॅटरी निकामी झाली की संपूर्ण जोडी निकामी होते. बदलताना दोन्ही एकदम, एकाच बनावटीच्या व एकाच उत्पादन-तारखेच्या बसवाव्या लागतात.

सूत्र आणि एक उदाहरण

आवश्यक किमान क्षमता = १.२५ × [(जागृत काळ × जागृत प्रवाह) + (ड × इशाऱ्याचा काळ × इशाऱ्याचा प्रवाह)]

यात काळ तासांत आणि प्रवाह अँपिअरमध्ये घ्यावयाचा. 'ड' हा मोठ्या प्रवाहामुळे होणाऱ्या क्षमताघटीचा गुणक आहे. क्षमतेला इशाऱ्याच्या प्रवाहाने भागून २० किंवा अधिक उत्तर येत असेल तर 'ड' १ धरतात. अन्यथा, उत्पादकाने वेगळी माहिती दिलेली नसल्यास, १.७५. कंसाबाहेरील १.२५ हा वयोमानाचा गुणक आहे. अशा बॅटरीची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर आली की ती बदलावी, असा सर्वमान्य संकेत आहे. १ भागिले ०.८ म्हणजेच १.२५.

समजा, एका तीन मजली महाविद्यालयीन इमारतीत पुढीलप्रमाणे साधने आहेत. नियंत्रण पॅनेल जागृत अवस्थेत १५० मिलिअँपिअर घेते. १२० डिटेक्टर प्रत्येकी ०.३ या हिशेबाने ३६, हाताने दाबावयाच्या पेट्या मिळून ४, आणि प्रवेशद्वारावरील पहारेकऱ्याच्या खोलीतील दुय्यम पॅनेल ६० मिलिअँपिअर घेते. एकूण २५० मिलिअँपिअर, म्हणजे ०.२५ अँपिअर. इशाऱ्याच्या वेळी पॅनेल ३००, डिटेक्टर व पेट्या ४०, दुय्यम पॅनेल ११० आणि २६ भोंगे प्रत्येकी ५० प्रमाणे १,३०० मिलिअँपिअर घेतात. एकूण १.७५ अँपिअर. हे आकडे उदाहरणापुरते आहेत; प्रत्यक्षात ते प्रत्येक साधनाच्या माहितीपत्रकातून घ्यावेत. निविदेसोबत ही पत्रके मागून घेण्याचा आग्रह खरेदी समितीने धरला तर अर्धे काम तेथेच होते.

प्रथम गुणकांविना हिशेब करून पाहू. २४ × ०.२५ = ६ अँपिअर-तास; ०.५ × १.७५ = ०.८७५. बेरीज ६.८७५. हा आकडा ७ च्या आत आहे. पुरवठादार हेच गणित दाखवून '७ अँपिअर-तासांची बॅटरी पुरते' असे म्हणेल, आणि ते खोटे आहे असे म्हणता येणार नाही. नव्या बॅटरीच्या बाबतीत, पहिल्या काही महिन्यांत, ते जेमतेम खरेही ठरेल.

आता सूत्राप्रमाणे. ६.८७५ ला १.७५ ने भागल्यास सुमारे ३.९ येतात, २० हून फारच कमी. म्हणून 'ड' १.७५ घ्यावा लागतो आणि इशाऱ्याचा वाटा १.५३ होतो. बेरीज ७.५३. त्याला १.२५ ने गुणल्यास ९.४१ अँपिअर-तास. बाजारात ७ नंतरचा नेहमी मिळणारा आकार १२ चा. म्हणजे १२ अँपिअर-तासांची जोडी घ्यावी लागेल.

७ आणि १२ यांतील फरक कागदावर लहान वाटतो. तो आगीच्या वेळी कसा दिसतो ते पाहावे. ७ अँपिअर-तासांची बॅटरी वयोमानाने ८० टक्क्यांवर आली की तिच्यात ५.६ अँपिअर-तास उरतात. ०.२५ अँपिअरने त्या २२.४ तासांत संपतात. चोविसाव्या तासाला आग लागली तर भोंगे क्षीण वाजतील असे नव्हे. पॅनेल त्यापूर्वी दीड तास बंद पडलेले असेल आणि भोंगे वाजणारच नाहीत. वसतिगृहात तो पहाटेचा तास असू शकतो.

गप्प साधनांची भूक

याच उदाहरणातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती सहज सुचणारी नाही. समजा, पुढील वर्षी ग्रंथालयाच्या नव्या दालनात आणखी आठ भोंगे बसविले. त्यांचा इशाऱ्याचा प्रवाह ०.४ अँपिअरने वाढेल. सूत्रात घातल्यास आवश्यक क्षमतेत भर पडते फक्त ०.४४ अँपिअर-तासांची. दुसरीकडे, आग लागताच प्राचार्य व अग्निशमन दल यांच्या भ्रमणध्वनीवर संदेश पाठविणारा एक छोटा डायलर पॅनेलला जोडला, आणि तो सतत ८० मिलिअँपिअर घेतो असे मानले, तर भर पडते सुमारे अडीच अँपिअर-तासांची. भोंगे गाजावाजा करतात, पण अर्धा तास. डायलर निमूटपणे चोवीस तास खातो. दोन्ही मिळून आवश्यक क्षमता १२.३ वर जाते आणि काळजीपूर्वक निवडलेली १२ ची जोडीही अपुरी ठरते. यंत्रणेत कोणतीही भर घातली की गणित नव्याने करावे लागते ते यामुळे. आपल्याकडे इमारती टप्प्याटप्प्याने वाढतात, अनुदान आले की एक मजला चढतो. बॅटरीचा हिशेब मात्र पहिल्या मजल्याच्या फायलीतच राहतो.

मोठी बॅटरी घेतली की प्रश्न सुटला?

मग सरळ ४२ अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी, असे कोणी म्हणेल. येथे चार्जरचा प्रश्न उभा राहतो. पॅनेलमधील चार्जर ठराविक मर्यादेपर्यंतच्या क्षमतेसाठी बनविलेला असतो. युरोपीय मानक ईएन ५४ च्या चौथ्या भागानुसार पूर्ण उतरलेली बॅटरी २४ तासांत किमान ८० टक्के आणि त्यापुढील ४८ तासांत पूर्ण भरली पाहिजे. २६ अँपिअर-तासांच्या बॅटरीसाठी पहिल्या दिवशी २०.८ अँपिअर-तास भरावे लागतील. भरताना होणारी तूट धरून सुमारे २४, म्हणजे तासाला जवळपास १ अँपिअर, शिवाय यंत्रणेचा स्वतःचा ०.२५ वेगळा. अर्ध्या अँपिअरच्या चार्जरला हे झेपणार नाही. वीज पुन्हा गेली तर अर्धवट भरलेली मोठी बॅटरी आणि पूर्ण भरलेली लहान बॅटरी यांत फारसा फरक उरत नाही. शिवाय सतत अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहिलेल्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि क्षमता कायमची घटते.

जनित्र असल्यास बॅटरी कमी चालते, हेही अटींसह खरे आहे. एनएफपीए ७२ मध्ये आपोआप सुरू होणाऱ्या जनित्रासोबत बॅटरीचा काळ ४ तासांपर्यंत खाली येतो. महत्त्वाचा शब्द 'आपोआप' हा आहे. शिपायाने कुलूप उघडून चालू करावयाचे जनित्र रात्री दोन वाजता जनित्र नसल्यासारखेच.

उष्णता, सुट्ट्या आणि मेन स्विच

शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य तापमानात दर ८ ते १० अंशांची वाढ झाली की निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. पश्चिमेच्या भिंतीवरील बंद लोखंडी पेटीत बॅटरी त्याहून तापते. पाच वर्षांच्या आयुष्याचे आश्वासन तेथे दोन-अडीच वर्षांतच संपते. चार्जरचा दाब तापमानानुसार थोडा उतरविण्याची सोय पॅनेलमध्ये नसेल तर आणखी लवकर. थंडीमुळे क्षमता घटते हेही खरे, पण महाराष्ट्रात तो मुद्दा गौण आहे.

याहून गंभीर सवय सुट्टीची. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत इमारत बंद करताना सुरक्षिततेसाठी म्हणून मेन स्विच खाली ओढण्याची पद्धत अनेक संस्थांत आहे. हेतू चांगला, परिणाम उलटा. अग्निसूचक पॅनेलही त्याच स्विचवर असेल तर ते त्या क्षणापासून बॅटरीवर चालू लागते. वरील उदाहरणातील १२ अँपिअर-तासांची बॅटरी, अगदी नवी असली तरी, दोन दिवसांत संपते. उरलेले दिवस इमारत रिकामी, कुलूपबंद आणि मूक. पॅनेलमध्ये बॅटरी वेळीच तोडणारी योजना नसेल तर ती आणखी खोल उतरते आणि पुन्हा पूर्वीसारखी भरत नाही. सुट्टी संपून वीज आली की हिरवा दिवा लागतो. झाले ते कोणाच्या लक्षात येत नाही.

७२ तासांसाठी क्षमता वाढविणे हा एक उपाय. त्याच सूत्राने ती २४.४ येते, म्हणजे २६ अँपिअर-तासांची जोडी आणि तिला झेपणारा चार्जर. दुसरा उपाय कितीतरी स्वस्त आहे : पॅनेलला मेन स्विचच्या अलीकडून स्वतंत्र, लाल खूण केलेले मंडल द्यावे आणि त्यावर 'अग्निसूचक यंत्रणा – बंद करू नये' असे मराठीत लिहावे. दर्शनी भागाच्या सजावटीवर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत ही रक्कम नगण्य आहे.

चाचणी

राज्याच्या अधिनियमानुसार वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैमध्ये, परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. चाचणी कशी होते यावर त्या प्रमाणपत्राचा अर्थ अवलंबून आहे. मुख्य वीज चालू ठेवून एक डिटेक्टर धुराने तपासला आणि भोंगा वाजला, तर भोंगा तपासला गेला, बॅटरी नव्हे. व्होल्टमीटर लावून १२.८ व्होल्ट आले, यावरूनही फारसे कळत नाही, कारण भार नसताना जुनी बॅटरीही तेवढा दाब दाखवू शकते.

खरी चाचणी काळाची आहे. भौतिकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स विभागाला ती विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाच्या स्वरूपात करता येण्याजोगी आहे. १२ अँपिअर-तासांच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीला २० ओहमचा, किमान १५ वॅट सहन करणारा रोध जोडला की सुमारे ०.६ अँपिअर प्रवाह वाहतो. २० तासांच्या दराचा हाच प्रवाह होय. दर तासाला दाबाची नोंद घ्यावी. १०.५ व्होल्टपर्यंत उतरण्यास सोळा तासांहून कमी वेळ लागला, तर बॅटरी ८० टक्क्यांच्या खाली गेली आहे आणि ती बदलली पाहिजे. चाचणी संपताच बॅटरी लगेच भरावयास लावावी. चाचणी चालू असेपर्यंत पॅनेलमध्ये दुसरी भरलेली जोडी बसविलेली असावी, आणि बसविल्याची तारीख रंगाने बॅटरीच्या दर्शनी बाजूवर लिहिलेली असावी. दुकानातील खोक्यावरची तारीख खोक्याबरोबरच जाते.